गडद कापडावर फिका धागा

दुकानात शिरलं की समोरच एक पाटी दिसायची: ‘गडद कापडावर फिका कोड करून मिळणार नाही. कुणीही आग्रह करू नये.’ खाली धाकटीची ठसठशीत सही. पाटीवर सही कशाला, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “नुसत्या पाटीला लोक जुमानत नाहीत. सही दिसली की कळतं, आत कुणीतरी भांडायला बसलंय.”

धाकटी म्हणजे चाळिशी ओलांडलेली बाई, बरं का. घरात भावंडं दोनच, त्यात ही लहान, म्हणून धाकटी. पुढे बाजारानेही तेच नाव उचललं. दुकान मूळचं तिच्या वडिलांचं, भरतकामाचं. शाळांची बोधचिन्हं, डॉक्टरांच्या कोटांवर नावं, हॉटेलांच्या टॉवेलांवर अक्षरं, असलं सगळं काम. वडिलांना अख्खा बाजार मास्तर म्हणायचा. पन्नास वर्षं त्यांनी हातातली सुई खाली ठेवली नव्हती. मग जो तो तयार छापील माल घ्यायला लागला, भरतकामाला कुत्रं विचारीना, आणि आता शटर ओढायचं की काय अशी वेळ आली तेव्हा धाकटीच्या डोक्यात क्यूआर कोड आले.

तिचं म्हणणं साधं होतं. तो कोड म्हणजे तरी काय, चौकोनच की. एक चौकोन, एक फुलीचा टाका. कागदावर छापलेला कोड फाटतो, भिजतो. कापडावर भरलेला धुऊन वाळत घालता येतो. पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या एका बाईला तिने उशांवर वायफायचे कोड भरून दिले, तेव्हापासून पासवर्ड विचारायला कुणी तिच्या स्वयंपाकघरात येईना. कुत्र्यांच्या पट्ट्यांवर मालकांचे नंबर झाले, किल्ल्यांच्या गोफांवर झाले. एका विसराळू प्राध्यापकांनी छत्रीच्या पट्टीवर कोड करून घेतला. ती छत्री तीनदा हरवली आणि तिन्ही वेळा घरी परत आली. चौथ्यांदा आली तेव्हा प्राध्यापक म्हणाले, ही माझी नाहीच.

पाटीमागची गोष्टही सांगून टाकतो. एका बेकरीवाल्याने बारा काळे एप्रन आणले होते आणि काळ्यावर पांढरा कोडच हवा म्हणून हटून बसला होता. धाकटीने भरून दिला. तिच्या फोनवर एका झटक्यात उघडला. आठवड्याने बेकरीवाल्याने सगळं गाठोडं टेबलावर आणून आपटलं. निम्म्या गिऱ्हाइकांना तो उघडतच नव्हता. नवे फोन उलट्या रंगातला कोड वाचतात. जुन्यांना मात्र पांढऱ्यावर काळंच लागतं, काळ्यावर पांढरं आलं की ते ढिम्म हलत नाहीत. बाराच्या बारा एप्रन तिने उसवले, कानाला खडा लावला आणि पाटी रंगवून घेतली.

मास्तरांचं विसरणं सुरू झालं ते नावांपासून. आधी गिऱ्हाइकांची गेली, मग नातवंडांची, मग वारांची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी मधूनच विचारायचे, “अजून कशी आली नाही ही?” धाकटी सांगायची, येईल. रोज खरं सांगून रोज त्यांना रडवायचं, हे तिच्याच्याने होत नव्हतं.

हात मात्र काही विसरला नव्हता. सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही. पण फुलीचा वरचा टाका डावीकडून उजवीकडेच गेला पाहिजे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. कोटाच्या कॉलरखाली एक सुई कायम खोचलेली. उसवलेला दोरा टाकायचा नाही, बोटावर नाहीतर बटणावर गुंडाळून ठेवायचा, ही सवयसुद्धा जशीच्या तशी. आणि रोज दुपारी चारला तो गडद निळा, लोकरीचा कोट चढवून बाजाराला एक फेरी. ती फेरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चहावाला हाक मारायचा, घड्याळवाला हात करायचा, आणि मास्तर सगळ्यांना ओळखल्यासारखं हसायचे.

एका दुपारी ती फेरी संपेचना. साडेतीन तासांनी मास्तर नदीपलीकडच्या पेट्रोल पंपावर सापडले. पंपावरच्या माणसाला ते बजावत होते की तुझ्या गणवेशावरचं अक्षर वाकडं आलंय, काढून दे, नीट करतो. धाकटीचा जीव भांड्यात पडला. पण बातमी दादाच्या कानावर गेलीच.

दादा दूरच्या शहरात असायचा. तो काही वाईट माणूस नव्हता, हे इथेच सांगितलेलं बरं. लांब असलेल्या माणसाला काळजी तेवढी करता येते, आणि ती फोनवर आरडाओरड्यासारखी ऐकू येते.

“चारला दाराला कुलूप घालत जा,” तो म्हणाला. “नाहीतर मी येऊन त्यांना घेऊन जातो. इथे वृद्धाश्रम आहे चांगला. चोवीस तास माणसं असतात.”

“कुलूप लावून ठेवायला ते काय कपाट आहेत का, दादा?”

“मग परत हरवले तर?”

“नाही हरवणार. आणि हरवले तरी घरी येतील. माझी जबाबदारी.”

“शब्द देतेस?”

“दिला,” धाकटी म्हणाली.

शब्द दिला खरा, पण पाळायचा कसा? तिला येत होतं तेच तिने करायचं ठरवलं. मास्तरांचा फोटो, स्वतःचा नंबर, दुकानाचा पत्ता, असं एक पान तिने तयार केलं. कोटावरचा कोड फोनने टिपला की ते पान उघडणार. वर दोन ओळी काय लिहायच्या, ते तिने मास्तरांनाच विचारलं. त्या दिवशी ते छान शुद्धीत होते. त्यांनी डोळे मिटून, पत्र सांगावं तसं सांगितलं:

“लिही. मी हरवलेला नाही. जरा लांब आलोय. मला बसायला जागा द्या. माझी मुलगी येतेच आहे.”

“बस, एवढंच?”

“अजून काय लागतं माणसाला?” मास्तर म्हणाले.

धाकटी हसली, आणि मग पाणी प्यायला म्हणून आत जाऊन बराच वेळ आतच राहिली.

पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर काळ्या दोऱ्याने, अगदी नियमाप्रमाणे तिने कोड भरला आणि कोटाच्या छातीवर शिवला. मास्तरांनी आरशात पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. “हे काय? पार्सलावर चिकटवतात तसलं? मला कुठे पाठवतेयस तू?” संध्याकाळपर्यंत तुकडा उसवून टेबलावर. दुसऱ्यांदा शिवला, दुसऱ्यांदा उसवला. तिसऱ्यांदा तो तिला कचऱ्याच्या डब्यात सापडला, चार सारखे तुकडे करून. धाकटीने हात टेकले.

मग मास्तर स्वतःच म्हणाले, “कोट माझा, काम माझं. मीच भरतो. आण तो नमुना इकडे.”

नमुना समोर ठेवून त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ उचललं.

“बाबा, पांढरा नको. हा कोड पांढऱ्यावर काळाच लागतो.”

“निळ्या कोटावर काळा दोरा? दिसणार कुणाला, तुझ्या आत्याला?” मास्तर खवळले. “गडद कापडावर फिका धागा. सातव्या वर्षी शिकवलंय तुला मी हे. विसरलीस?”

विसरली नव्हती ती. हे आयुष्यभर काम केलेल्या माणसाचं बोलणं होतं आणि त्या कामाच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं. ती आणखी एकदा समजवायला गेली. पण त्यांनी सुईत दोरा ओवलासुद्धा होता, आणि त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी कामावरच्या माणसाचा दिसत होता. ती गप्प बसली.

आठ दिवस लागले. एकोणतीस आडवी, एकोणतीस उभी घरं. मास्तर खिडकीशी बसून मोठ्याने मोजायचे: दोन भरलेले, एक रिकामा, तीन भरलेले. यंत्राच्या घरघरीत धाकटीला ते मोजणं ऐकू येत राहायचं. एका सकाळी ती चहा घेऊन गेली तर म्हणाले, “अहो बाई, सतरावी ओळ चालू आहे, मध्ये बोलू नका.” तिचं नाव गेलं होतं, सतरावी ओळ शिल्लक होती. तिने चहा तिथेच ठेवला आणि पाऊल न वाजवता परत फिरली. त्या आठ दिवसांत त्यांनी एकदाही ‘ही कशी आली नाही’ असं विचारलं नाही.

काम संपलं तेव्हा कोट घालून ते पाटीसमोर येऊन उभे राहिले, छाती पुढे काढून.

“बघ वाचतोय का तुझा फोन.”

तिने फोन धरला. पापणी लवायच्या आत पान उघडलं, मास्तरांचा फोटो आला.

“एकही टाका चुकला नाही ना?”

“नाही बाबा. एकही नाही.”

आणि ते खरंच होतं. आठशेच्या वर घरं आणि एक चूक नाही. मास्तरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि ते फेरीला निघून गेले. ती मागे पाटीकडे बघत उभी राहिली.

इथे धाकटीची बाजू घ्यायची माझी फार इच्छा आहे. पण तिला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सगळ्या बाजारात हे कुणाला माहीत असेल तर तिलाच. गिऱ्हाईक असतं तर तिने दारातून परत पाठवलं असतं. तिने मनाशी म्हटलं, हल्ली सगळ्यांकडे नवेच फोन असतात. म्हटलं, पुढच्या आठवड्यात कोटाच्या आत, अस्तरावर, एक पांढरा तुकडा त्यांना न कळत शिवून टाकू. पुढच्या आठवड्यात शाळेचं काम आलं. मग हॉटेलचं आलं. बघता बघता दोन महिने गेले, आणि रोज चारला मास्तर तो कोट घालून जात होते आणि पाचच्या आत परत येत होते. रोज येणारा माणूस रोज येतो, असं आपल्याला वाटायला लागतंच.

थंडी पडली होती त्या मंगळवारी. पाच वाजले, साडेपाच झाले, मास्तर नाहीत. चहावाल्याने पाहिलं होतं, घड्याळवाल्याने पाहिलं नव्हतं. पोलिसांत सांगून झालं, पेट्रोल पंप पाहून झाला. दुकानातल्याच छपाईयंत्रावर तिने पत्रकं काढली: फोटो, नंबर, आणि त्याच पानाचा कोड. कागद पांढरा, कोड काळा. हात आपोआप नियमाप्रमाणे चालले होते. चहावाल्याला बरोबर घेऊन तिने गावभर पत्रकं लावली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जुन्या बस स्टँडवर गेली तेव्हा मागचा फलाट बंद झाला होता. तिने पुढच्या फाटकावर पत्रक लावलं, चारी कोपरे नीट दाबले आणि पुढे गेली.

मास्तर मागच्याच फलाटावर होते. मध्ये एक भिंत होती. फलाट बंद करणाऱ्याने आत न डोकावता दार ओढलं होतं. सकाळी झाडायला आलेल्या बाईला ते बाकावर दिसले, नुसत्या शर्टावर, कोट मांडीवर घेऊन, मान खाली घालून. जिवंत होते. छातीत थंडी भरली होती. हॉस्पिटलमध्ये ते एकदाही नीट शुद्धीवर आले नाहीत. दादा आला, तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी पोचला, आणि चौथ्या दिवशी मास्तर गेले.

“कोट होता ना अंगावर? मग काढला का?” धाकटीने डॉक्टरांना विचारलं.

“या आजारात उमजत नाही माणसाला,” डॉक्टर म्हणाले. “थंडीतसुद्धा कपडे काढून बसतात.”

हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत कोट होता. घरी आल्यावर तिने तो उलगडला तर कोडाचा वरचा कोपरा उसवलेला. असल्या कोडाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यातला एक जवळजवळ पूर्ण गेला होता, आणि तो नसला की नवा काय, जुना काय, कुठलाच फोन कोड वाचत नाही. कापडात सुई खोचलेली होती. पांढरा दोरा वरच्या बटणावर गोल गोल, व्यवस्थित गुंडाळलेला होता.

असा दोरा कोण गुंडाळतं, हे तिला कळलं नाही असं नाही. तिने कळून घेतलं नाही. त्या उसवलेल्या कोपऱ्याकडे बघून तिला जे वाटलं ते सांगायलाही लाज वाटेल असं होतं: तिला सुटल्यासारखं वाटलं. कोपरा गेला म्हणून कोड चालला नाही. रंगाचा काय संबंध?

दादाने विचारलंच. “तो तुझा कोड होता ना कोटावर? एवढी माणसं ये-जा करतात तिथे. कुणालाच कसा उघडला नाही?”

“एका कोपऱ्याचे टाके निसटले होते, दादा.”

“बाबांचे टाके? निसटले?”

“म्हातारे झाले होते रे ते,” ती म्हणाली.

पन्नास वर्षांत मास्तरांचा टाका निसटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दादाने बहिणीकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि विश्वास ठेवला. रागावला नाही, शब्दाची आठवण करून दिली नाही. जाताना तिला जवळ घेऊन म्हणाला, “तू जे केलंस ते मला जमलं नसतं.” त्यापेक्षा त्याने एक ठेवून दिली असती तरी चाललं असतं.

तीन आठवडे झाले. धाकटीने दुकान उघडलं होतं, यंत्र चालू होतं. कोट खिडकीशी, मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. तिला तो कपाटात ठेवता येत नव्हता आणि त्याच्याकडे बघताही येत नव्हतं. एका दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. पन्नाशीची, हात लाल आणि सुरकुतलेले. हॉटेलच्या धुलाईखात्यात काम करते, असं तिने सांगितलं. मग एका दमात म्हणाली, “सापडले ना हो ताई, आजोबा?”

“कोण आजोबा?” धाकटीने विचारलं, पण तिचा पाय यंत्रावरून खाली आला होता.

बाईने पिशवीतून घडी केलेलं पत्रक काढलं. “मी त्या दिवशी बहिणीकडे गेले होते गावाला, ती आजारी होती. काल परत आले तर फाटकावर हे. म्हटलं, अगंबाई, हे तर तेच! याच्यावरचा कोड बघितला, पत्ता मिळाला, आज सुट्टी घेऊन आले. सापडले ना?”

“सापडले,” धाकटी म्हणाली. “दुसऱ्या दिवशी सकाळी. पण गेले ते. चौथ्या दिवशी.”

बाई मटकन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. पदराने तोंड पुसलं, परत पुसलं. धाकटीने तिला पाणी दिलं. पेला तसाच हातात धरून ती म्हणाली, “मी होते हो त्यांच्याजवळ. माझी बस यायची होती. ते बाकावर बसलेले, कोटावर हे. मी विचारलं, आजोबा, हे काय? तर म्हणाले, फोन धरा, सगळं कळेल. मी धरला. उघडेना. जवळून धरला, लांबून धरला, काच पुसून धरला. नाहीच. मला वाटलं, आपलाच फोन जुना, मुलाने टाकून दिलेला. पण काल हा कागदावरचा त्याच फोनवर लगेच उघडला! रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा. मला एवढं सांगा ताई, तो त्या दिवशी का नाही उघडला?”

धाकटीकडे उत्तर तयार होतं. एकदा दिलेलं होतं, चाललेलं होतं. “एका कोपऱ्याचे टाके निसटले होते,” ती म्हणाली, आणि कोटाकडे हात केला.

बाई उठून कोटापाशी गेली. आयुष्य कपडे धुण्यात गेलेली बाई ती. तिने कोपरा बोटाखाली धरला, दोऱ्याने गुंडाळलेलं बटण पाहिलं.

“निसटले नव्हते हो,” ती म्हणाली. “मी फोन धरला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. एवढं सुबक काम, मी बोलूनसुद्धा दाखवलं. हा कोपरा त्यांनी नंतर उसवला. माझ्यासमोर.”

“तुमच्यासमोर?” धाकटीने विचारलं.

“मी म्हटलं ना उघडत नाही म्हणून, तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, तुमच्या फोनचा दोष नाही हो बाई, माझा टाका चुकला असेल कुठेतरी. मुलगी म्हणाली एकही चुकला नाही, पण ती मन राखायला म्हणाली असेल. आणि लागले कोट काढायला. मी म्हटलं, आजोबा, थंडी आहे, राहू दे. तर म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, उसवून परत घालतो, चुकलेलं काम अंगावर घालून फिरू नये. कॉलरखालून सुई काढली, कोट मांडीवर घेतला आणि बसले उसवत. तेवढ्यात माझी बस लागली.”

ती थांबली. कोटाचा कोपरा तिने हातातून सोडला.

“मी विचारलं हो, तुम्हाला न्यायला कुणी येणार आहे का? मी असं टाकून गेले नाही. तर मान वर न करता म्हणाले, तुम्ही जा, बस चुकेल. मी हरवलेला नाही, जरा लांब आलोय. माझी मुलगी येतेच आहे.” बाई धाकटीकडे वळली. “तेच काल फोनवर लिहिलेलं दिसलं. शब्दन्‌शब्द. ताई, ते इतकं ठाम बोलले की मी गेले. मी थांबायला हवं होतं का?”

आता धाकटीला गप्प बसता आलं असतं. रडता आलं असतं, बाईही रडली असती, आणि दोघी आपापलं ओझं घेऊन घरी गेल्या असत्या. म्हातारा माणूस, आजार, थंडी. जग म्हणालंच असतं की चालायचंच. पण त्या बाकावर मास्तर नसलेली चूक शोधत बसले होते. आठशे घरांत एक चुकलेला टाका, जो कुठेच नव्हता, तो कुडकुडत शोधत होते. आणि मुलीने मन राखायला खोटं सांगितलं असेल म्हणून तिला माफही करून मोकळे झाले होते.

“तुम्हाला वाचता येतं ना?” धाकटी म्हणाली. “ती पाटी वाचा.”

बाईने डोळे पुसून वर पाहिलं आणि एकेक शब्द लावत वाचलं. “गडद कापडावर फिका कोड करून मिळणार नाही. कुणीही आग्रह करू नये.” मग तिने कोटाकडे पाहिलं. पुन्हा पाटीकडे पाहिलं. “म्हणजे?”

“म्हणजे हा असा कोड जुन्या फोनवर उघडत नाही. तुमचा फोन चांगला आहे. बाबांचा एकही टाका चुकला नव्हता. मला माहीत होतं, आणि मी त्यांना तसंच जाऊ दिलं.”

“पाटी कुणी लिहिली?” बाईने हळूच विचारलं.

“खाली सही आहे. माझीच.”

आत यंत्राचा दिवा चालू होता, टॉवेल अर्धवट भरलेला पडला होता. थोड्या वेळाने बाईने आपला लाल, खरखरीत हात धाकटीच्या हातावर ठेवला. तेव्हा कुठे धाकटी रडली. लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं ठेवून, मोठ्याने.

“तुम्ही कशाला थांबायला हवं होतं?” हुंदका आवरून ती म्हणाली. “त्यांनी सांगितलं ना तुम्हाला, मुलगी येतेय म्हणून. यायचं मला होतं.”

बाई गेल्यावर तिने कोट मांडीवर घेतला. बटणावरचा दोरा सोडवून सुईत ओवावा आणि कोपरा परत भरून टाकावा, असं फार मनात आलं. नमुना तिला पाठ होता. पण तिने दोरा तसाच राहू दिला, फोन उचलला आणि दादाचा नंबर लावला.

“हां, धाकटे, बोल,” दादा म्हणाला.

“दादा,” ती म्हणाली, “बाबांचे टाके निसटले नव्हते.”